उघड्या खिडक्यांची खोली

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी संपली. यंदा दारात आकाशकंदील लावला नव्हता, त्यामुळे उतरवायचाही नव्हता.

दुपारी इरावती मशीन घेऊन आली. टेलिफोन खात्यात माझ्याबरोबर होत्या त्या सुमनताईंची ही मुलगी. कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यांना घराघरांतला रेडॉन मोजायचं काम मिळालं आहे. रेडॉन हा वायू जमिनीतून, दगडमातीतून वर येतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

हा शब्द मला आधीपासून ठाऊक होता. मागच्या वर्षी हॉस्पिटलात डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "सिगारेट?" हे म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी माझ्या दिराकडे, विश्वजितकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग डॉक्टर म्हणाले, न ओढणाऱ्यांनाही होतो, कधी रेडॉनमुळे, कधी कशामुळे ते कळतही नाही. मी तो शब्द तिथंच औषधाच्या पिशवीवर लिहून घेतला.

मशीन हाताच्या पंजाएवढं, पांढरं आहे. आकडे दिसायला छोटी काच. आवाज करत नाही. एक आमच्या झोपायच्या खोलीत ठेवलं आणि दुसरं मागच्या खोलीत. मागची खोली ह्यांची. शाळेचे पेपर तपासणं, वाचन, सगळं तिथंच. जानेवारीत हे गेल्यापासून मी ती बंद ठेवली आहे. आठवड्यातून एकदा केर काढते आणि परत कुलूप लावते.

इरावतीनं नियमाप्रमाणे काही प्रश्न विचारले. घर किती जुनं, फरशी कसली. मग जरा अवघडून म्हणाली, "काकू, हे सगळ्यांनाच विचारावं लागतं. घरात कोणी सिगारेट ओढतं? किंवा ओढायचं?"

मी म्हटलं, "ह्या घरात काडी पेटते ती देवापुढं आणि गॅसला. लिही नाही."

४ नोव्हेंबर

कालच्या प्रश्नावरून आठवलं. मी जयसिंगपूरची. माझे वडील सिगारेटनं गेले. शेवटी शेवटी त्यांचा श्वास भिंतीपलीकडे ऐकू यायचा. म्हणून हे बघायला आले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. विडी-सिगारेट आहे का? आमच्या मामांनी डोळे वटारले. मुलीनं असं विचारायचं नसतं. हे जमिनीकडे बघून म्हणाले, "नाही." शेजारी विश्वजित पोहे खात होता, त्याला जोराचा ठसका लागला. मी उठून पाणी दिलं. ते पहिलं पाणी मी सासरच्या माणसाला दिलं.

विश्वजित माझा धाकटा दीर. तेव्हा बारावीत होता, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरेच करते. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. आम्हाला मूल नाही. जे काही लाड करायचे ते त्याचेच केले.

१० नोव्हेंबर, रविवार

आकडे आले. झोपायच्या खोलीत एकेचाळीस. मागच्या खोलीत दोनशे बारा.

इरावतीनं समजावलं. शंभरच्या आत असेल तर काळजी नाही. तीनशेच्या वर गेला तर ताबडतोब काहीतरी करायचं. मधे असेल तर खोली उघडी ठेवायची, फटी बुजवायच्या. ती दोनदा म्हणाली, "काकू, एवढ्या आकड्यावरून यामुळेच झालं असं म्हणता येत नाही."

मी मान हलवली. खरं लिहायचं तर दोनशे बारा बघून मला बरं वाटलं. दहा महिने मला कुणी काही सांगू शकलं नव्हतं. एका न ओढणाऱ्या, न पिणाऱ्या, रोज रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या माणसाला हे का झालं? आता निदान एक आकडा आहे.

१३ नोव्हेंबर

इरावतीला पेठेतली घरं हवी आहेत. परक्या मुलीला कोण आत घेणार? म्हणून मी बरोबर जाते. बरंही वाटतं. ह्यांच्यावर आली ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये.

गल्लीतल्या बाळाबाईंनी मशीन देवघरात ठेवलं. आज बघायला गेलो तर त्याला हळदकुंकू लावलेलं आणि समोर उदबत्तीचा धूर. इरावती हसू दाबत म्हणाली, "आजी, ह्याला पूजा चालत नाही." बाळाबाई म्हणाल्या, "अगं, लेकरांच्या जिवाचं बघतंय म्हणतीस, मग देवच की त्यो." पलीकडच्या घरात चोरीला जाईल म्हणून मशीन लोखंडी कपाटात कुलपात ठेवलं होतं. कपाटातली हवा मोजून आली. दोन्ही घरं पुन्हा करायची.

सिगारेटचा प्रश्न मीच विचारते, इरावतीला संकोच वाटतो. मी म्हणते, "आमच्या ह्यांनी आयुष्यात हात लावला नाही, तरी बघा." बाळाबाईंचे मालक खाटेवर होते. ते म्हणाले, "व्हय, सर म्हंजे..." बाळाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर वाचायला लागले. बाळाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

लोक चांगले आहेत. मी हे सांगते तेव्हा कुणाचाच आवाज चढत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज विश्वजितला बोलावून घेतलं.

मागची खोली त्यानंच बांधून दिली, बारा वर्षं झाली. रस्ता डांबरावर डांबर घालून वर येत गेला आणि मागचं अंगण खड्ड्यात गेलं. तिथं भर घालायची होती. त्यानं फाउंड्रीतून टाकून दिलेली काळी वाळू ट्रॉलीनं आणून ओतली आणि वर फरशी बसवली. मी तेव्हा म्हटलं होतं, मुरूम घाल. तो म्हणाला होता, वैनी, वाळू लोखंडागत बसती. इरावतीला मी विचारलं होतं, अशा वाळूतून रेडॉन येतो का? ती म्हणाली, काही वाळूतून येऊ शकतो, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी त्याला दोनशे बारा सांगितलं. वाळूचं सांगितलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"तू फुकटची घाण आणून तुझ्या भावाच्या पायाखाली घातलीस," मी म्हटलं. "हे बारा वर्षं त्यावर बसले."

मला वाटलं भांडेल. त्याचा आवाज मोठा आहे. वर्कशॉपात बोलला तर रस्त्यावर ऐकू येतो. तो खाली बघून म्हणाला, "व्हय वैनी. माझंच चुकलं."

"एवढंच?"

"मग काय सांगू? माझ्यामुळंच झालं म्हणा. म्हणा की, मी न्हाय म्हणत न्हाय."

त्याची बायको संयोगिता दारात होती. ती रडायला लागली. म्हणाली, "अहो, बोला की! किती दिवस..." त्यानं तिला गप्प केलं आणि गाडीवर बसवून घेऊन गेला.

कबूल केलं. मला वाटत होतं कबूल केल्यावर राग उतरेल. ज्याला मी ताटातलं काढून दिलं, त्यानं दोन ट्रॉली वाळूसाठी हे करावं. आणि दहा महिने माझ्या शेजारी बसून माझ्याबरोबर रडावं.

जानेवारीत वर्षश्राद्ध आहे. पिंड विश्वजितनं द्यायचं ठरलं होतं. मी ह्यांच्या चुलतभावाला गगनबावड्याला फोन करून विचारलं, तुम्ही बसाल का? "का?" असं त्यांनी विचारलं नाही. हो म्हणाले.

२४ नोव्हेंबर

आक्कांचा बिद्रीहून फोन. ह्यांची मोठी बहीण. त्यांचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात होते. ह्यांना नृसिंह म्हणून नावानं हाक मारायच्या. आक्का नमस्कार-चमत्कार करत नाहीत.

"विमल, विश्वजितला पिंडाला बसू देणार न्हाईस म्हणं?"

"नाही."

"त्येच्या सख्ख्या भावाचं हाय ते."

"त्यानंच मारलं भावाला. त्यानं स्वतः कबूल केलंय."

मग म्हणाल्या, "त्यो गाढव हाय. लहानपणापास्नं नृसिंहाच्या वाटचा मार त्योच खात आलाय. तुला काय ठावं न्हाय, विमल."

"काय ठाऊक नाही?"

"काय न्हाय. ठेव फोन."

आक्का पहिल्यापासून धाकट्याच्या बाजूच्या.

फोननंतर दहाव्याचा दिवस आठवत बसले. पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवत नव्हता. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, आठवून बघा. बुंदीचा लाडू ठेवला, भजी ठेवली, चहा ठेवला. माझा सांभाळ करू म्हणून सगळ्यांनी सांगितलं. कावळे पलीकडच्या पिंपळावर बसून राहिले. शेवटी विश्वजित पुढं झाला. आमच्याकडे पाठ करून वाकला, खिशातून काहीतरी काढून पानाच्या कडेला ठेवलं, काहीतरी पुटपुटला. तो मागं सरतोय तोवर कावळा आला. मी पायऱ्यांवर आक्कांजवळ उभी होते. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं नाही त्यानं काय ठेवलं. पेढा असेल असं वाटलं. दत्ताच्या देवळासमोरचा पेढा ह्यांना आवडायचा.

तेव्हा मला वाटलं होतं, भाऊ असावा तर असा.

१ डिसेंबर, रविवार

आज जरा विचित्र झालं.

इरावती म्हणाली, मागची खोली वर्षभर बंद आहे, म्हणून आकडा चढला असेल. खिडक्या उघडून मोजू. आठवडाभर मोजलं, आज आकडा बघितला. एकतीस. ती खूश झाली. "बघा काकू, काही फोडायची गरज नाही. नुसत्या खिडक्या उघड्या ठेवायच्या."

मी म्हटलं, "आता उघडून काय उपयोग?"

तिनं विचारलं, "सर असताना बंद असायच्या का?"

"छे. कायम उघड्या. थंडीतसुद्धा. मी शाल घेऊन आत गेले तर म्हणायचे, मला कोंडल्यासारखं होतं. वर आणि तो बाहेर हवा फेकायचा पंखा. स्वयंपाकघरात नाही तसला पंखा ह्यांच्या खोलीत. विश्वजितनंच बसवून दिला होता. आणि दार मात्र आतून लावून घ्यायचे, पेपर तपासताना लक्ष जातं म्हणून."

इरावती वायर गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली. मग म्हणाली, "काकू, सर घरी किती वेळ असायचे? बाहेर कुठं बसायचे?"

"संध्याकाळी रंकाळ्यावर. येताना विश्वजितच्या वर्कशॉपात. का गं?"

"काही नाही." चहा नको म्हणाली. तिला तास होता म्हणे. रविवारी कुठला तास?

तिलाही माझा कंटाळा आला असेल. पण तिच्या प्रश्नातून मला एक सुचलं. ही खोली उघडी होती, तर वायू इथं साठला नसेल. पण वर्कशॉपच्या मागच्या केबिनमध्ये हे रोज बसायचे. तिला खिडकी नाही. आणि त्याच वाळूचा ढीग तिथं कायम दाराशी असतो.

इरावतीला म्हटलं, एक मशीन मला दे. तिनं दिलं. देताना म्हणाली, "काकू, सगळं कळलंच पाहिजे असं असतं का?" शिकलेली मुलगी, आणि असं विचारते.

९ डिसेंबर

विश्वजित कास्टिंग आणायला जयसिंगपूरला गेला आहे असं संयोगिताकडून कळलं. त्याला आधी सांगितलं तर वाळू हलवून ठेवेल, म्हणून न सांगता गेले.

केरबा होता. तिथला जुना माणूस. त्यानं लेथ बंद करून हात पुसले. "या की वैनीसाहेब. मालक न्हाईत."

मी म्हटलं, मागच्या केबिनमध्ये हे मशीन ठेवायचंय, आठवडाभर, कुणी हलवायचं नाही. तो म्हणाला, "तिथं न्हाय कोण जात. मालक जाऊ देत न्हाईत. सरांची खुर्ची हाय तशी ठेवलीया."

मला बरं वाटलं ते ऐकून. हे लिहून ठेवते, कारण ते शेवटचं बरं वाटणं.

लाकडी खुर्ची. तिच्यावर ह्यांची जुनी उशी, माझ्या साडीच्या अभ्र्याची. शेजारी स्टुलावर पितळी वाटी. लेथवर कातलेली, सुबक, कडेला तीन खाचा. मला वाटलं पेनं टेकवायला. मशीन ठेवायला जागा करावी म्हणून मी ती उचलली.

केरबा मागून म्हणाला, "सरांचीच हाय ती. मालकांनी स्वता कातून दिलीती त्येंच्या साठीला. हात लावू देत न्हाईत कुणाला, धुवूबी देत न्हाईत."

वाटीत राख होती. आणि दाबून विझवलेली तीन-चार थोटकं.

मी केरबाकडे बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "वैनीसाहेब, तुमास्नी..." तो म्हणाला. मग म्हणाला, "चा सांगतो," आणि गेला. मी वाट बघितली. तो काही परत आला नाही. यंत्रं सगळी बंद होती.

१० डिसेंबर

नृसिंह ओढत होता.

१३ डिसेंबर

विश्वजित आला. केरबानं सांगितलं असणार. पायरीवर बसला. मी आत ये म्हटलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कॉलेजपास्नं."

"म्हणजे मला बघायला आले तेव्हा..."

"व्हय. येताना यष्टीश्टँडवर ओढून आलाता."

तुझा ठसका, मी म्हटलं. तो म्हणाला, "व्हय. पवं नाकात गेलं."

मला एकदम हसू आलं आणि त्याचीच चीड आली. मग त्यानं सगळं सांगितलं, मी विचारलं तेवढं. वेलदोडे तो आणून द्यायचा. कपड्यांना वास येऊ नये म्हणून केबिनमध्ये वेगळा शर्ट होता. मला वाटायचं ऑइलचा वास येतो तो वर्कशॉपचा. पंखा त्याचसाठी. शाळेत व्यसनमुक्तीवर बोलायला बोलावलं तर नृसिंह नेहमी टाळायचा. म्हणायचा, जे केलं नाही त्यावर काय बोलू? मी ते लोकांना कौतुकानं सांगायचे.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

तो काढलेल्या चपला सरळ करायला लागला.

"आक्कांना?"

मान हलली.

"बाळाबाईंना?"

"वैनी, गल्लीला ठावं हुतं. कोपऱ्यावरच घ्यायचा. समद्यास्नी सांगून ठेवलंतं, हिला कळू देऊ नका, हिचा बा तसा गेलाय, हिला सोसायचं न्हाय. कुणी बोललं न्हाय बगा. येवढ्या वर्षांत येक माणूस बोलला न्हाय. दादावर जीव हुता लोकांचा."

"आणि माझ्यावर?"

तो म्हणाला, "तुमच्यावर हुता म्हणूनच की."

मी घराघरांत जाऊन काय काय बोलले ते आठवायला लागले. आमच्या ह्यांनी आयुष्यात हात लावला नाही. आणि ते सगळे ऐकून घेत होते. चहा देत होते.

"मी वाळूचं बोलले तेव्हा गप्प का बसलास?"

"दादानं शपथ घातलीती, शेवटच्या दिवसांत. म्हणाला, मी गेल्यावर तरी तिला कळू देऊ नगंस. मग तुमी वाळूचं काढलासा. मला वाटलं, बरं झालं. कुणाला तरी बोलायचंच हाय तर मला बोला. दादा राहील तुमच्यापाशी हाय तसा."

एवढ्यावर मी त्याला आत घेतलं असतं. पण मग मी विचारलं, खोकला कधी सुरू झाला? कारण मला तो दसऱ्यानंतर कळला होता. विश्वजित पायरीवरची माती बोटानं उकरत बसला.

"गणपतीच्या आधी एक्सरे काढलाता. मीच नेलंतं. डॉक्टर म्हणाले लगेच पुढचं बघा. दादा म्हणाला, सण होऊ द्यात. तिला काय सांगायचं ते ठरवू द्यात."

गणपती ते दसरा. त्या दिवसांत आम्ही गौरी बसवल्या. मी पुरणपोळ्या केल्या. त्यानं दोन खाल्ल्या आणि म्हणाला आज भूक नाही. त्या दिवसांत उपचार सुरू झाले असते तर? डॉक्टरांना मी आता विचारू शकते. विचारणार नाही.

मी विश्वजितला म्हटलं, "सिगारेट लपवलीत ते एक. पण हे दिवस तुम्ही दोघांनी मिळून माझ्याकडून घेतलेत."

तो हात जोडायला लागला. मी दार लावलं.

२२ डिसेंबर, रविवार

भाजीला गेले तर बाळाबाई भेटल्या. त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं, आता मला कळलंय हेही गल्लीला कळलं. म्हणाल्या, "विमलताई, लई मनाला लावून घिऊ नका. पुरुषमान्सं अशीच. काय बाई ठेवली न्हवती त्येनं."

मी म्हटलं, "तुम्ही ते मशीन देवघरात ठेवलंत ना, तेव्हाच हसायला हवं होतं मी. सगळ्यात खरं बोलणारं तेवढंच होतं."

त्यांना ते समजलं नाही. मलाही बोलून झाल्यावर नीट समजलं नाही. वर्कशॉपमधल्या मशीनचा आकडा सव्वीस आला. वाळूचा काही दोष नव्हता. घराचा नव्हता. मी घराला दोष दिला, वाळूला दिला, विश्वजितला दिला. ज्याचा होता त्याच्या फोटोला रोज हार घालत होते.

हार घालणं बंद केलेलं नाही. फोटोसमोर उभं राहिलं की काय बोलायचं ते कळत नाही, एवढंच.

२९ डिसेंबर

पाहुणे यायचे म्हणून मागची खोली उघडून झाडली. खिडक्या उघडल्या आणि त्याच्या खुर्चीवर बसून बघितलं. समोर शेजारच्यांची न्हाणी, वर आभाळाची पट्टी. इथं बसून, दार आतून लावून, धूर बाहेर जातोय का बघत हा माणूस किती संध्याकाळी बसला असेल. मी बाहेर स्वयंपाकघरात. दाराला कान लावला असता तर काडी ओढल्याचा आवाज आला असता. मी कधी लावला नाही. मला वाटायचं पेपर तपासतोय, त्रास नको.

एक गोष्ट डोक्यात येते आणि तिचं काय करावं कळत नाही. रेडॉन ह्या खोलीत होता, खरोखर होता. त्यानं खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणून तो निघून गेला. म्हणजे त्या वायूपासून तो वाचला. माझ्यापासून लपवताना वाचला.

६ जानेवारी २०२५

गगनबावड्याला फोन करून चुलतभावांना सांगितलं, नुसतं जेवायला या. विश्वजितला संयोगिताकडून निरोप दिला, पिंडाला तू बस. ती म्हणाली, "ताई, तुम्ही माफ केलंत?" मी म्हटलं, "नाही. पण त्याला काय लागतं ते त्यालाच ठाऊक आहे."

संध्याकाळी कोपऱ्यावर गेले. पानपट्टीवर पूर्वी म्हातारा बसायचा, आता त्याचा मुलगा राजवीर बसतो. मला बघून उठून उभा राहिला. "काकू, बडीशेप देऊ?"

"सिगारेट दे. पाकीट."

त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. म्हणाला, "सरांचीच देऊ का?" आणि मग जीभ चावली.

"सरांचीच दे," मी म्हटलं.

त्यानं फडक्यानं पाकीट पुसलं आणि कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी दिलं, प्रसाद द्यावा तसं. शेजारी दोन माणसं उभी होती, ती रस्त्याकडे बघायला लागली.

मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं, त्याच्या सिगारेटचं. घरी येऊन वाचलं.

८ जानेवारी

वर्षश्राद्ध झालं. वीस-बावीस माणसं होती. आक्का कालच आल्या होत्या, माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. विश्वजितनं पिंड दिले.

गच्चीवर पान ठेवलं. भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी. सगळे मागं सरून उभे राहिले. समोरच्या टाकीवर तीन कावळे होते. आले नाहीत. भटजी म्हणाले, थोडं थांबू. थांबलो. ऊन चढायला लागलं. मग एकेकाची मान हळूच विश्वजितकडे वळली. बाळाबाईंची, त्यांच्या मालकांची, आक्कांची. सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्यालाही ठाऊक होतं. घाटावर त्या दिवशी एकटी मीच पेढा समजले होते.

विश्वजितचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. तो माझ्याकडे बघत होता.

मी कमरेला खोचलेलं सिगारेटचं पाकीट काढलं आणि पुढं जाऊन पानाशेजारी ठेवलं. भटजींनी आभाळाकडे बघितलं.

विश्वजित माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वैनी, येक काढून ठेवाय पायजे. बंद हाय त्ये."

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इतकी वर्षं माझ्या पाठीमागं उघडलीत. आज माझ्यासमोर उघडू दे त्याचं त्याला."

आक्का फिसकन हसल्या. मग तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. माझ्याजवळ आल्या आणि माझं मनगट धरून ठेवलं, दुखेपर्यंत.

कावळा आला. पाकिटाला चोच मारली, बाजूला ढकललं आणि वडा घेऊन गेला.

जेवणं झाली. पाकीट गच्चीवरच आहे. मी उचलणार नाही. विश्वजित जाताना म्हणाला, "उद्या येऊ का?" मी म्हटलं, "उद्या नको." परवाचं त्यानं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

१२ जानेवारी, रविवार

इरावती आली. तिला सगळं आधीच समजलं होतं, त्या खिडक्यांच्या दिवशीच. मी म्हटलं, "तूही गप्प बसलीस." ती म्हणाली, "काकू, मला वाटलं मी कोण सांगणार." प्रत्येकाला तसंच वाटलं असेल.

तिच्या यादीत आमच्या घरापुढं 'नाही' लिहिलं होतं, ते तिनं माझ्यासमोर खोडून 'हो' केलं. उद्यापासून शाहूपुरीतली घरं आहेत. विचारत होती, याल का? येईन म्हटलं. घरात बसून काय करू?

फक्त एक बदल करायला सांगितला. सिगारेटचा प्रश्न त्या घरात विचारायचा नाही. तो शेजारच्या घरात विचारायचा.